पाकिटातलं पाणी

६ जानेवारी

ठकू,

पत्र मोठं आहे, चष्मा लावूनच बस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू आधी हसतेस आणि मग ऐकतेस, आणि इथे कँटीनमध्ये धूर ओढणारे पंखे सुरू झाले की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. शिवाय लिहिलेला कागद ओट्यासमोर चिकटवता येतो. हा चिकटव.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी 'आधी नऊ किलो उतरवा, मग ऑपरेशन' असं तुला सांगून चार महिने झाले. किती उतरले ते तू लिहीत नाहीस, यावरून काय ते मी समजलो. भात सुटत नाही, ब्रेड सुटत नाही, बरोबर? म्हणून सोबत एक पाकीट पाठवतोय. आत जपानी नूडल्स आहेत. पांढऱ्या, काचेसारख्या, पाण्यात बुडवून ठेवलेल्या. गव्हाच्या नाहीत, तांदळाच्याही नाहीत. सुरणाच्या भावकीतला एक कंद असतो, त्याच्या पिठाच्या आहेत. अख्ख्या पाकिटात वीस कॅलरी. तुझ्या चहातल्या साखरेत याहून जास्त असतात, आणि तू दिवसाला एकच कप पितेस हे मला सांगू नकोस.

या नूडल्स माझ्याकडे कशा आल्या ते सांगतो. आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात नवीन अधिकारी बाई आल्यात. त्यांनी सगळ्यांची वजनं घेतली, कंबरा मोजल्या आणि ठरवलं की कँटीनमध्ये रोज एक हलकं जेवण हवं. चाळीस पाकिटांचं खोकं माझ्यापुढे आणून ठेवलं. ५ मार्चला पाच जणांपुढे चव घेतली जाणार आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाहेरचा एक ठेकेदार. त्याच्या ॲप्रनला इस्त्री असते. ज्याचं ताट पसंत पडेल त्याच्याकडे कँटीन जाणार. सत्तावीस वर्षं रोज सहाशे ताटं वाढली, आता सगळं एका ताटावर आलंय. मला काळजी नाही. तुला माहिती असावी म्हणून लिहिलं.

पाकिटावरचा मजकूर सगळा जपानीत आहे. एका अर्थी बरंच झालं. मी स्वयंपाक कुणाला विचारून शिकलो नाही, आता पाकिटाला काय विचारायचं? तेव्हा माझी कृती नीट वाच.

एका पाकिटात नूडल्स २०० ग्रॅम, पाणी १४० ग्रॅम. तीन पाकिटं मोजली; पाणी १३८, १४१, १४० भरलं. नूडल्स गाळून कात्रीने बोटभर लांबीच्या कापायच्या, नाहीतर गुंता घशात बसतो. तवा कोरडा, तेल अजिबात नाही. मध्यम आचेवर सात मिनिटं. आधी तडतड होते, पाणी सुटतं, मग आवाज पालटतो आणि त्या बारीक चिवचिवायला लागतात. तिथे उतरव. या नूडल्सकडे कान द्यावा लागतो, हे तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मग कढईत तिळाचं तेल ८ ग्रॅम, लसूण ६ ग्रॅम, बरोबर चाळीस सेकंद. आलं ४, गाजर ४०, कोबी ६०, अळंबी ५०, सोया सॉस १२.

आता माझा शोध. लोक पाकिटातलं पाणी मोरीत ओतत असणार. ते ओतायचं नाही. ओतायचं नाही, दोनदा लिहितोय. त्यात पिठाचा अंश असतो, त्याने रस दाट होतो. ते सगळंच्या सगळं कढईत घाल.

तुला माहीतच आहे, कामावर मी आजवर चमचा तोंडाला लावलेला नाही. झाकण उचललं की काय कमी, काय जास्त, ते मला वाफच सांगते, आणि माझं झाकण माझ्याशिवाय कुणी उचलत नाही. पण तू पडलीस नवशिकी, म्हणून वजनं दिली.

खाल्ल्यावर लगेच कळव.

दादा


१८ जानेवारी

दादा,

कागद ओट्यासमोर चिकटवला. तराजू शेजारणीकडून आणला. तिने विचारलं, सोनं मोजायचंय का. म्हटलं, कोबी.

आता तुझ्या पाकिटाने आमच्या घरात काय केलं ते ऐक. मी कात्री लावली, आणि बाहेरच्या खोलीतून आमचे हे म्हणाले, "मासळी आणलीस? मला बोलली नाहीस." मी म्हटलं, दादाचं पाकीट आहे. हे उठून आत आले, एकदा हुंगलं आणि फ्रिज पुढे ओढला. मागे काही मेलंय का ते बघत होते. दहा मिनिटं बॅटरी घेऊन फ्रिजच्या मागे. सापडली ती माझी हरवलेली अंगुस्तान. चला, तेवढा फायदा झाला, शिवताना बोटं टोचून घेणं संपलं.

मी मात्र तुझी बहीण. दादाने 'ओतायचं नाही' दोनदा लिहिलंय म्हटल्यावर मी ओतणार कशी? १४० ग्रॅम मोजून कढईत घातलं. दादा, बोटीचा जुना दोर उकळत ठेवला तर कसा वास येईल, तसा वास सुटला. तुझ्या नूडल्स चिवचिवल्या, हे खरं. आम्हीच गप्प होतो. ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "तुझ्या भावाचं आपल्यावर काही राहिलंय का? म्हणजे जुना राग वगैरे?" शेवटी ब्रेड खाल्ला.

वाटेत खराब झालं असेल का रे? आठ दिवस पोस्टात होतं. तू स्वतः फोडलेल्या पाकिटांना असा वास नव्हता ना?

वजनाचं विचारतोस म्हणून सांगते, चारशे ग्रॅम उतरलंय. बहुतेक त्या संध्याकाळचंच.

ठकी


२७ जानेवारी

ठकू,

पाकीट वाटेतच खराब झालं, यात शंका नाही. पोस्टातल्या लोकांनी उन्हात टाकलं असणार. मी आतापर्यंत अकरा पाकिटं फोडली. एकालाही वाईट वास नाही. मंद वास येतो, भिजवलेल्या तांदळासारखा, किंचित गोडसर. तुझ्या ह्यांना सांग, फ्रिज ओढण्याआधी भिंतीवरचा बटणाचा खटका बंद करायचा असतो, नाहीतर वायर तुटते.

दुसरं पाकीट पाठवतोय. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक, वर पुठ्ठा. एकूण वजन ५१२ ग्रॅम. फडकं सुकलेलं दिसलं तर पाकीट फोडू नकोस.

कृतीत मी सुधारणा केलीय. लसूण ६ ऐवजी ७ ग्रॅम. तव्यावर सात मिनिटांऐवजी साडेसात. तराजूवर अर्धा ग्रॅम दिसत नाही म्हणून औषधवाल्याकडून छोटा तराजू मागून आणलाय. अधिकारी बाई परवा डोकावून गेल्या. म्हणाल्या, "मास्तर, प्रयोगशाळा काढलीत की." इथे सगळे मला मास्तर म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. मी फळ्यावर रोजची कामं लिहितो म्हणून.

इथली माणसं विचित्र वागायला लागलीत. आमच्याकडे भाजी चिरणाऱ्या मावशी आहेत, एकोणीस वर्षं झाली त्यांना. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मी पाकीट फोडलं की त्या पाटी उचलतात आणि मागच्या अंगणात जाऊन कोबी चिरत बसतात. विचारलं, "का हो मावशी?" म्हणाल्या, "आत उकडतंय, मास्तर." जानेवारीत. ५ मार्चच्या धास्तीने सगळ्यांचं काहीतरी झालंय. मला सोडून.

या खेपेला अर्धवट करू नकोस.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

फडकं ओलं होतं. पाकीट धडधाकट होतं. वास तोच होता.

तुझं मन राखायचं म्हणून मी बाजारापलीकडच्या मोठ्या दुकानात जाऊन तिसरं पाकीट विकत आणलं. दुसऱ्या कंपनीचं. म्हटलं, याला भिजवलेल्या तांदळाचा वास आला की दादाला कळवू, तुझी कंपनीच वाईट. दुकानातल्या बाईंना आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, वास सगळ्यांनाच येतो. चुन्याच्या पाण्यात भरलेल्या असतात. पाणी फेकायचं, खळखळून धुवायचं, मग उकळायचं. कुणी ते पाणी स्वयंपाकात वापरलं का?" मी म्हटलं, माझ्या भावाने, आणि तो सत्तावीस वर्षं आचारी आहे. त्या म्हणाल्या, "सर्दी होती का त्यांना?"

मी हसले. अर्धा रस्ता हसत आले. मग फुटपाथवर उभीच राहिले. एक सायकलवाला ओरडून गेला तेव्हा बाजूला झाले.

ऑक्टोबरमध्ये कारखान्याच्या सुट्टीत तू आला होतास. मी गच्चीवर कपडे काढत होते आणि मला जिन्यात करपल्याचा वास आला. या गुडघ्यांनी तीन मजले धावत उतरले. दूध जळून पातेलं काळं पडलं होतं आणि तू शेगडीपासून चार पावलांवर बसून पेपर वाचत होतास. मी विचारलं, कळलं नाही का तुला? तू म्हणालास, "अग्रलेख चांगला आहे." मी ह्यांना आठ दिवस ते सांगून हसत होते.

आणि ग्रॅम. दादा, तू मला लहानपणी काय सांगायचास? तराजू भित्र्या माणसाने घ्यावा. काल मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात 'लसूण, तुला पटेल इतका' असं आहे. तुला तो मोठा ताप आला, त्यानंतरच्या पहिल्या पत्रात 'लसूण ११ ग्रॅम' आहे. तेव्हापासून एकही पत्र ग्रॅमशिवाय नाही. मला वाटलं होतं, वय झालं, शिस्त वाढली.

तुला वास येत नाही का दादा?

चाचणीचं मला फार कळत नाही. तुझ्याकडे सहा मोठ्या शेगड्या आहेत, आणि सकाळी कुलूप तू उघडतोस. गॅस सुटलेला असला तर तुला कळणार कसं? एवढंच एक मला परवापासून बसू देत नाहीये. ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या मी काल. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, बरं वाटत नाही का?"

उत्तर लगेच टाक.

ठकी


१८ फेब्रुवारी

दादा,

नऊ दिवस झाले. दोनदा फोन केला. पहिल्यांदा पंख्यांचा आवाज आला आणि तू ठेवलास. दुसऱ्यांदा पंख्यांचा आवाजही नव्हता, तरी ठेवलास.

मी कुणाशी बोललेले नाही, ह्यांच्याशीसुद्धा नाही. ते विचारतात, काय झालं, मी म्हणते, गुडघा. घरात कुठेही बसले तरी पाच मिनिटांत उठते. शेगडीचे खटके बघते आणि परत येऊन बसते. माझ्या शेगडीचं काय बिघडलंय? काही नाही.

रागाव, पण लिही. आणि ५ तारखेला ते पाणी घालू नकोस. एवढं तरी ऐक.

ठकी


२० फेब्रुवारी

ठकू,

दोन्ही पत्रं पोचली.

माझी जुनी पत्रं काढून तारखा लावायला मी काही आरोपी नाही. तू शिवणकाम करतेस. काज कसं करावं हे मी तुला कधी सांगायला आलो नाही. कँटीन माझं आहे, नाक माझं आहे, दोन्ही माझं मी बघतो. दुकानातल्या बाईला सर्दीबिर्दी विचारायचा अधिकार कुणी दिला? त्या नूडल्स विकतात, शिजवत नाहीत.

शेगड्यांचं म्हणशील तर रोज सकाळी कुलूप उघडलं की दिवा लावण्याआधी सहाही नळ मी स्वतः हाताने तपासतो. डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा. चौदा महिन्यांत एकदाही नळ उघडा सापडलेला नाही. इतकी काळजी धडधाकट नाकाचा माणूसही घेत नसेल. तेव्हा तू आपल्या घरातले खटके बघ आणि बाह्या नीट लाव.

ठेकेदाराने म्हणे कालच चाचणीची रंगीत तालीम केली. माझी तयारी झालेली आहे.

आता एक गोष्ट, फक्त नोंदीसाठी विचारतोय. तू 'मासळीसारखा' आणि 'दोरासारखा' असं दोन प्रकारे लिहिलंस. हे एक नव्हे. पाकीट फोडल्यावर कुठला आणि शिजल्यावर कुठला? धुतल्यावर किती उरतो? एकदा धुवून जातो की तीनदा लागतं? उकळायचं तर किती मिनिटं? दोन की पाच? पाच मिनिटांनी नूडल्स मऊ पडतात का, ते मी इथे बघीन, ते बोटाला कळतं. तू फक्त वासाचं लिही. अंदाजे नको, घड्याळ लावून. मीठ टाकल्याने फरक पडतो का? व्हिनेगरने? तव्यावर चिवचिव सुरू होते त्या क्षणी नेमका काय वास असतो, की काहीच नसतो?

पत्र ४ मार्चच्या आत मिळायला हवं.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं तशी पर्स उचलून निघाले आणि सहा पाकिटं आणली. दुकानातल्या बाई आता मला बघून हसतात. ह्यांना खुर्चीत डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलं, म्हणजे माझ्या नाकाला साक्षीदार. सबंध रविवार गेला. हे म्हणाले, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि हे दिवस आले." पण पट्टी काढली नाही, ते कबूल करायला हवं.

फोडल्याबरोबर मासळी येते, आणि मागून ओल्या चुन्याच्या भिंतीचा वास. दोर येतो तो तुझं ते पाणी तापल्यावर. पाणी गेलं की दोर गेला. एकदा धुतल्यावर निम्मा उरतो. नळाखाली चोळून तीनदा धुतलं, की नाक अगदी टेकवलं तरच येतो. मिठाने चोळलं तर दोनदा धुवून भागतं. व्हिनेगरने मासळी जाते, पण मग व्हिनेगरच घर करून राहतं, ते घालू नकोस. उकळताना पहिल्या मिनिटाला वाफेबरोबर परत एकदा येतो, घाबरू नकोस, तो निघून चाललेला असतो. तीन मिनिटांनी मला काही येईना. ह्यांना येत होतं. चार मिनिटांनी त्यांनाही येईना. तेव्हा चार. तव्यावर आधी ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा वास येतो. चिवचिव सुरू झाली की काहीच नाही. तुझा कान बरोबर आहे दादा. आवाज पालटतो तेव्हाच वास संपतो. सहाही वेळा.

मग लसूण, तीळ सगळं तू लिहिलंस तसं. ह्यांनी पट्टी काढून दोन वेळा मागून खाल्लं. मीही. पहिल्यांदाच जेवून उठल्यावर ब्रेडची आठवण झाली नाही.

हे सगळं मी आनंदाने केलं, परत सांगशील तर परत करीन. पण माझं नाक इथे आहे. तू सकाळी कुलूप उघडतोस तेव्हा ते तिथे नसतं. तू 'चौदा महिने' लिहिलंस, ते तुझ्या लक्षात आलं का? तापाला चौदा महिनेच झाले.

मावशींना उकडत नव्हतं, दादा. त्यांना सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

ठकी


८ मार्च

ठकू,

मला वास येत नाही. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं, म्हणून वर एकटंच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

ताप उतरला त्याच्या अठराव्या दिवशी कळलं. लसूण कढईत पडला आणि काही आलं नाही. वाटलं, लसूण जुना आहे. दुसरा गड्डा फोडला. मग कांदा, मग आलं, मग रॉकेलची बाटली. जिभेवर ठेवलं तर खारट, आंबट, गोड इतकंच कळतं, बाकी कागद चघळल्यासारखं. तेव्हा चमचा तोंडाला लावून तरी काय होणार होतं? मग तराजू आणला. घड्याळ आणलं. मला वाटलं, स्वयंपाक एकदा नाकाने शिकलो, आता काट्याने शिकू. शिकवणारा तेव्हाही नव्हता, आताही नको. नाकाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो, दुसऱ्या गावी, भलतंच नाव सांगून. ते म्हणाले, काहींचा परत येतो, काहींचा येत नाही. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी रोज हुंगा. चार बाटल्या उशाशी आहेत. रोज चारदा झाकण काढतो आणि चारदा लावतो.

आता ५ तारखेचं सांगतो.

तुझा कागद ओट्यासमोर चिकटवला. मिठाने चोळून दोनदा धुतलं, तरी तिसऱ्यांदा धुतलंच. चार मिनिटं उकळलं. तव्यावर चिवचिव झाली. मावशी त्या दिवशी अंगणात गेल्या नाहीत, माझ्यामागे उभ्या होत्या. मला बरं वाटलं. मग कढईत तेल, लसूण, घड्याळ. माझे अठ्ठावीस सेकंद झाले होते.

"मास्तर, उतरवा," मावशी म्हणाल्या.

"अजून बारा सेकंद आहेत."

"लसूण करपला."

"मावशी, मी दोन महिने मोजतोय. चाळीस सेकंद."

"आज सिलिंडर नवा लावलाय. आच मोठी आहे. घड्याळाला ते काय कळणार?"

आणि माझ्या हातावरून हात घालून त्यांनी शेगडी बंद केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी कढईत बघितलं. मला तर लसूण सोनेरीच दिसत होता. त्यांनी कढई माझ्यापुढून उचलून मोरीत नेली, दुसरी ठेवली आणि नवा लसूण ठेचायला बसल्या. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

म्हणाल्या, "तेलाचा डबा खवट झाला होता आणि तुम्ही त्यावर 'ताजं' म्हणून चिठ्ठी लावलीत, तेव्हापासून. गेल्या वर्षी. मी डबा बदलला. चिठ्ठी तीच लावली."

"बोलला नाहीत."

"तुम्ही बोलू देता का कुणाला?"

ठकू, मी तुला लिहिलं होतं, चौदा महिन्यांत एकही नळ उघडा सापडला नाही. तेही मी त्यांना ऐकवलं. काय म्हणून ऐकवलं कोण जाणे, पण ऐकवलं. त्या लसूण ठेचतच म्हणाल्या, "सापडेल कसा? मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. मी तुमच्याआधी अर्धा तास येते. सगळं उघडते, हवा खेळू देते, नळ बघते आणि परत लावून अंगणात बसते."

मी विचारलं, "कधी काही मिळालं?"

"तीनदा," म्हणाल्या.

मी पाण्याच्या पिंपावर बसलो. चौदा महिने मला वाटत होतं, मी नाकाशिवाय स्वयंपाक करायला शिकलो. जगात असं दुसऱ्या कुणाला जमलं नसेल असंही वाटत होतं, तुला कशाला खोटं सांगू. त्यांनी लसूण टाकला, त्यांनीच वेळेवर उतरवला. बाकी मी केलं. वजनं बरोबर पडली.

साडेबाराला पाचही जण आले. ठेकेदाराने त्याच नूडल्सवर इतकं चीज ओतलं होतं की अधिकारी बाईंनी मनातल्या मनात आकडा लावला आणि चमचा खाली ठेवला. त्याच्या नूडल्स कापलेल्याही नव्हत्या. स्टोअरच्या साहेबांच्या हनुवटीला दोन लोंबत होत्या. आमचं ताट पाचही जणांनी पुसून खाल्लं. बाई म्हणाल्या, "मास्तर, लसणाचा वास काय सुंदर साधलाय. कसं जमवता?"

इथे मी 'अनुभव' म्हणून हसलो असतो तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तोंड तसं उघडलंही होतं. मग मावशी दिसल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, शेगडीच्या नळाकडे बघत होत्या. मी विझवला की नाही ते. मी म्हटलं, "मला माहीत नाही बाई. मला वास येत नाही. चौदा महिने झाले. लसूण यांनी केलाय." आणि मग तेलाचा डबा, नळ, तीनदा, सगळं सांगितलं. इस्त्रीवाला ठेकेदार खुर्चीत पुढे सरकला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

निकाल परवा मिळाला. कँटीन आमच्याकडेच राहिलं. मुख्य आचारी मावशी. मी पाककृती, वजनं, सामान आणि फळा बघायचा. आणि मी एकटा असताना शेगडी पेटवायची नाही, हे लेखी दिलंय. त्यावर मला सही करायची होती. पेन कागदावर घासलं तरी उठेना. बाई म्हणाल्या, "मास्तर, टोपण."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. शेगड्यांसमोरच्या एका फरशीवर मी सत्तावीस वर्षं उभा होतो. तिथे आता त्यांनी उभं राहायचं. त्या म्हणतात, "मास्तर, तुम्ही तिथेच उभे राहा, मी बाजूला उभी राहते." मी म्हणतो, "छे, तुमची जागा ती." मग आम्ही दोघंही बाजूला उभे राहतो आणि मधली फरशी रिकामी. काल सहाशे ताटं आम्ही असं वाकून वाकूनच काढली. संध्याकाळी दोघांच्याही कंबरा धरल्या होत्या. हे असं किती दिवस चालणार, मला कळत नाही. त्यांना सकाळी अर्धा तास आधी यायची गरज आता नाही, तरी येतात. मीही येतो. अंगणात बसतो दोघं. त्या कोबी चिरतात, मी त्याचं वजन करतो.

मी आठ दिवसांची रजा टाकलीय. तापातले दिवस सोडले तर सत्तावीस वर्षांत पहिलीच, त्यामुळे कचेरीत रजेचा कागद कुठे मिळतो तेही विचारावं लागलं. २२ तारखेला दुपारी पोचतो. खोक्यातली उरलेली पाकिटं आणतोय. आठ दिवस तुला रोज वेगळ्या प्रकारे करून घालीन, तीन प्रकार ठरवलेत, पाच अजून डोक्यात आहेत. वजन काटा लावून बघू, तुझ्या ह्यांच्या साक्षीने. स्वयंपाकघरात तू खुर्ची टाकून बसायचं. चिरणं, धुणं, मोजणं, परतणं सगळं मी करणार. मध्ये मध्ये 'दादा, झालं का' विचारायचं नाही.

शेगडी मात्र तू पेटवायचीस आणि तूच बंद करायचीस. आणि बंद करताना वळून माझ्याकडे बघायचं नाहीस.

दादा